पोट भरल्याचा निरोप

दिवाळीला घेतलेला फ्रॉक होळीला आखूड झाला, तेव्हा घरात आनंदच झाला होता. हर्षदाने तो आरूच्या अंगाला लावून सासूला दाखवला. "बघा आत्याबाई, पार गुडघ्याच्या वर गेला." हिराबाईंनी नातीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. धादवडांच्या घरात आजवर कुणी उंच नव्हतं. हिराबाईंना फळीवरचा डबा काढायला पाट लागे. त्यांचा मुलगा संपत, म्हणजे हर्षदाचा नवरा, पोलीस भरतीत उंचीला कमी पडला आणि तेव्हापासून वर्षातले बरेच महिने नारायणगावकडे टोमॅटोच्या मळ्यांत कामाला जाऊ लागला. थोरला सुजय आठ वर्षांचा होता, पण पाहणाऱ्याला सहाचा वाटायचा. आरू चार वर्षांची. ती शेजारी उभी राहिली की त्याच्या कानाला लागायची.

"ही पोरगी फौजदार व्हनार," हिराबाई म्हणायच्या.

उंबरदरा हे अकोले तालुक्यातलं, घाटमाथ्याला टेकलेलं गाव. आरू तान्ही असताना तिथे 'वर्धन' थेंब आले. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने आतड्यात राहणारे साधे जंतू घेऊन त्यांच्यात बदल केला होता. असे अब्जावधी जंतू आपल्या पोटात एरवीही असतातच. या बदललेल्या जंतूंना एकच जादा काम शिकवलेलं होतं. दिवसभर एक बारीकसं प्रथिन तयार करायचं आणि रक्तात सोडायचं. ते यकृतापर्यंत पोचलं की यकृताचा समज व्हायचा की पोट भरलेलं आहे, खायला मुबलक आहे. मग तिथून हाडांच्या टोकांशी असलेल्या कोवळ्या कूर्चेला हुकूम सुटायचा, वाढ! जिभेवर एकदा थेंब टाकले की जंतू कायमचे वस्तीला यायचे. दोन वर्षांवरच्या मुलांना थेंब द्यायचे नव्हते, म्हणून सुजय राहिला.

थेंबांबरोबर पाकिटंही यायची. शेंगदाणे, दुधाची पावडर आणि गूळ यांचा घट्ट लगदा. आया तो रोज सकाळी मुलांना भरवायच्या. अंगणवाडीच्या मंदाताई महिन्यातून एकदा मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक मुलासमोर धरायच्या. पडद्यावर उंचीची रेघ हिरवी आली की मूल चांगलं. दंडाला पट्टी गुंडाळून मोजण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली होती.

फ्रॉक आखूड झाला त्या वर्षी उंबरदऱ्यातल्या सगळ्या लहान मुलांची रेघ हिरवी आली. जिल्ह्याहून साहेब आले, मंदाताईंना शाल दिली, शाळेच्या भिंतीवर 'कुपोषणमुक्त गाव' असं मोठ्या अक्षरांत रंगवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यापासून पाकिटं बंद झाली.

"पोरं सुधारली म्हणून बंद केली," मंदाताईंनी आयांना सांगितलं. "जिथं गरज हाय तिथं पाठवत्यात आता."

हे कुणाला चुकीचं वाटलं नाही.

*

श्रावण लागला. नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं दोनदा सडली होती, तिसऱ्यांदा लावलेली आत्ता कुठे मुळं धरत होती. घरातला तांदूळ संपत आला की या भागात दरवर्षी ताटं हलकी होतात. सकाळी पातळ पेज, दुपारी भाकरी आणि कुर्डूची भाजी, ओढ्यात मिळालेच तर खेकडे. सुजय चमच्याने पेजेचं पातेलं खरवडायचा. "आई, अजून हाय का?" हा त्याचा रोजचा प्रश्न.

आरू कधीच मागायची नाही. समोर ताट ठेवलं की दोन घास खायची आणि उठून खेळायला जायची. "गुणाची गं पोर," शेजारणी म्हणायच्या. "माझी प्राची पन तशीच," सविता लोहकरे म्हणायची. गावातली सगळीच लहान पोरं तशी झाली होती. खाण्यासाठी रडणं, पदर ओढणं, कुणाच्या घरी शिजतंय तिकडे पळणं, हे गावातून जणू नाहीसंच झालं होतं.

एक दिवस आरूला अंघोळ घालताना हर्षदाचा हात थांबला. आरूचे पाय लांब झाले होते, नडग्या आणखी पुढे आल्यासारख्या दिसत होत्या. पण दंड? तिने आपला अंगठा आणि बोट जुळवून दंडाभोवती धरलं. मध्ये जागा उरली.

तिने हात काढला आणि दंड पुन्हा धरून पाहिला.

त्या दिवसापासून ती आरूला मांडीत धरून भरवू लागली. आरू तोंड मिटायची, मान फिरवायची. "नको, माझं पोट भरलंय." हर्षदा गाल दाबून घास घालायची. घरात जास्तीचं काही नव्हतं, म्हणून ती सुजयच्या ताटातून काढू लागली. आधी अर्धी भाकरी, मग शेजारच्या कोंबडीचं उसनं आणलेलं अंडं.

"त्यो बी तुझाच हाय ना?" हिराबाई एकदा चिडून म्हणाल्या. "त्याच्या तोंडातलं काढून तिला कोंबतीस, जिला नको हाय तिला! तिची उंची तरी बघ. तिला काय धाड भरलीय?"

"तिच्या अंगावर काय राह्यलंय का, हात लावून बघा तुमी."

"उंच पोरं बारीकच असत्यात."

सुजय दोघींकडे पाहत आरूच्या ताटात हात घालून तिचा उष्टा भात खात होता. हर्षदाने त्याच्या हातावर फटका मारला आणि लगेच तिला कसंतरीच झालं.

*

प्राची लोहकरे ही अंगणवाडीतली सगळ्यात उंच मुलगी. तिला कॅमेऱ्यासमोर पहिलं उभं करायचे. हर्षदा आरूला घ्यायला गेली, तेव्हा दोघी अंगणात फुगडी घालत होत्या. प्राचीने हात सोडले, पायरीवर बसली आणि आरूच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"दमली," आरू म्हणाली.

हर्षदा मंदाताईंशी दोन शब्द बोलली. वळून पाहिलं तर आरू तशीच अवघडून बसली होती. "आई, हिला उठव ना. माझा खांदा दुखतोय."

प्राची उठली नाही.

कुणी म्हणालं पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणी म्हणालं दृष्ट लागली. शेवटची अंघोळ घालताना सविताच्या सोबतीला हर्षदा होती. बायकांनी कपडे काढले. पाय मोठ्या मुलीचे होते आणि दंड तान्ह्या बाळाचे. बरगड्यांवर नुसती कातडी. सविता म्हणत राहिली, "ती मागायचीच न्हाय गं. मागितलं असतं तर मी कुठून बी आनलं असतं. मागायचीच न्हाय."

हर्षदा घरी आली ती तशीच आरूला पाठीला बांधून, सुजयचं बोट धरून जीपच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. सुजयला का घेतलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही पोरं नजरेआड नकोत, एवढंच तिला कळत होतं.

*

ग्रामीण रुग्णालयातले मुलांचे डॉक्टर इरफान मुलाणी राहुरीकडचे होते. त्यांनी आरूच्या छातीवर यंत्र फिरवलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

"हिला भूक लागते का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय हो. कधी मागत न्हाय."

"कधीच?"

हर्षदाने मान हलवली. डॉक्टरांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली.

"ताई, घरात दाणे कमी पडले की तुम्ही काय करता?"

"काय करनार? सणसूद बंद, कापडचोपड बंद. चूल तेवढी चालू ठेवायची."

"शरीरसुद्धा तेच करतं. अन्न कमी आलं की आधी उंची थांबवतं. उंची ही त्याची कापडखरेदी. हृदय, मेंदू ही चूल. तुमच्याकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या बुटकी राहिली ती त्यामुळे. बुटकी राहिली, पण जगली. आता थेंबांतल्या या जंतूंनी काय केलं, की घरात काहीही नसलं तरी आत निरोप जातो, मुबलक आहे, पोट भरलंय. म्हणून मूल खायला मागत नाही, आणि हाडं मात्र वाढतच राहतात. वाढायला माल तर लागतो. तो मग दंडातून काढला जातो, मांडीतून काढला जातो." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "शेवटी हृदयातून."

"पन तुमीच तर दिले थेंब."

"हो. आम्हीच दिले." त्यांचा आवाज खाली गेला. "चाचणी झाली ती पाकिटं खाणाऱ्या मुलांवर. त्यांना काहीच झालं नाही. माझ्या मुलीला, झोयालाही दिलेत. ती दूध पिते, अंडी खाते, मटण खाते. मस्त वाढतेय. जंतू तेच आहेत ताई, स्वयंपाकघर वेगळं आहे."

आरूच्या हृदयाची भिंत पातळ झाली होती. तिला लगेच दाखल करून घेतलं. नळीतून थोडं थोडं दूध सुरू झालं, कारण एकदम जास्त दिलं तर तेही झेपणार नव्हतं. जंतू मारायचा उपाय होता. संस्थेने ते बनवतानाच त्यांच्यात एक कच्चा दुवा ठेवला होता. एक पांढरी गोळी पोटात गेली की ते सगळे मरत. पण निरोप एकदम बंद झाला तर इतक्या अशक्त मुलीच्या रक्तातली साखर कोसळू शकली असती. शिवाय पुण्याहून फोनवर सांगत होते की परवानगीशिवाय गोळी देऊ नका, आमचं पथक येऊन पाहील.

"कधी येनार?" हर्षदाने विचारलं.

"लवकरच, म्हणतात," डॉक्टर म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

रुग्णालयात सोबतीच्या माणसालाही ताट मिळायचं. वरण, भात, एक उकडलेलं अंडं. हर्षदाने ते सुजयपुढे ठेवलं. इतके आठवडे तिने त्याच्या तोंडचं काढलं होतं, आज पोटभर खाऊ दे. सुजयने चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"आरूला दे. मला नको."

हर्षदाला भरून आलं. तिने त्याला जवळ ओढलं. "खा रे राजा. तिला नळीतनं देत्यात. हे तुझंच हाय."

"खरंच नको. पोट भरलंय माझं."

तो खाटेच्या कडेला बसून दोन्ही गुडघे चोळत होता. हर्षदाने त्याच्या चड्डीकडे पाहिलं. शाळा सुरू होताना घेतलेली, गुडघ्याखाली येणारी चड्डी. तिची शिवण आता गुडघ्याच्या वर सरकली होती.

ती डॉक्टरांना हाक मारायला धावली. वऱ्हांड्यातल्या परिचारिकेने तिला धरलं. "काय झालं? मुलगी?" हर्षदा मानेनेच नाही म्हणत राहिली आणि आतल्या मुलाकडे बोट दाखवत राहिली.

शौचाच्या तपासणीची पट्टी निळी झाली. जंतू सुजयच्या पोटातही होते. डॉक्टरांनी दुसरी पट्टी लावून पाहिली, तीही निळी. एका ताटात जेवणारी, एकमेकांचं उष्टं खाणारी, एका तांब्याने पाणी पिणारी माणसं. थेंब फक्त लहानांच्या जिभेवर पडले होते, पण जंतूंना तेवढ्यावर थांबायचं काही कारण नव्हतं.

"म्हणजे सगळं गाव," डॉक्टर स्वतःशीच बोलले. त्यांनी पुण्याला फोन लावला. हर्षदा दाराशी उभी होती. पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते तिला ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टरांची बाजू ऐकू येत होती. "नाही सर... एक मूल गेलंय... नाही, वाट पाहता येणार नाही... ठीक आहे, माझ्या जबाबदारीवर." त्यांनी फोन ठेवला. 

सुजयला गोळी त्याच दुपारी दिली. आरूच्या बाबतीत ते तिच्याशी बोलले.

"आणखी काही दिवस नळीने खाऊ घातलं तर ताकद येईल, मग गोळी देता येईल. पण तोवर हाडं तिचं खातच राहणार. आज दिली तर निरोप आज बंद होईल. धोका दोन्हीकडे आहे. मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

संपतला फोन लागत नव्हता. हर्षदाला वाटलं, हे आपल्याला का विचारतात? आपण नको म्हणालो आणि काही झालं तर? हो म्हणालो आणि झालं तर? खाटेवर आरू डोळे उघडे ठेवून पडली होती. चादरीखाली तिचे पाय कुठवर आलेत ते दिसत होतं, आणि हर्षदाला वाटलं, सकाळी ते एवढे खाली नव्हते. हे खरं असणं शक्य नव्हतं. तरी तिला तसंच दिसलं.

"द्या," ती म्हणाली.

गोळी पाण्यात विरघळवून नळीतून सोडली. थोड्या वेळाने आरूच्या कपाळावर घाम आला. मग हात थंड पडले, डोळे वर गेले, दातखीळ बसली. परिचारिका साखरेची सुई घेऊन धावली. हर्षदाला बाजूला व्हायला सांगितलं, पण तिने आरूचा पाय धरून ठेवला होता, तो तिला सोडता येईना. "आरू, आरू गं," एवढंच ती बोलत होती. डॉक्टर मोठ्याने आकडे सांगत होते. यंत्राचा आवाज अडखळत होता. एकदा तो मध्येच तुटला.

मग तो पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी उजेड असताना आरूने डोळे उघडले आणि रडायला लागली. चिडून, लाथा झाडत, नळी ओढत. वॉर्डातल्या बायका गोळा झाल्या. "आई, पोटात कायतरी चावतंय! आई, काढ ते!" ती किंचाळत होती. हर्षदा घाबरून डॉक्टरांकडे पाहू लागली. डॉक्टर भिंतीला टेकले होते.

"तिला भूक लागलीय ताई," ते म्हणाले. "तिला ठाऊकच नाही ती काय असते."

*

दोन्ही मुलांना घेऊन हर्षदा गावी परतली तेव्हा डॉक्टरांची गाडी आधीच येऊन गेली होती. त्यांनी फोन केले होते, वर्तमानपत्रात बातमी आली होती, आणि पाकिटांचा ट्रक पुन्हा घाट चढला होता. लहान मुलांना गोळ्या मिळाल्या. आता उंबरदऱ्यात घराघरांतून रडणं ऐकू यायचं. पोरं पातेली उपडी करायची, शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहायची, पाकिटावरून मारामाऱ्या करायची. सविता लोहकरे दार लावून घ्यायची. तिला ते ऐकवत नव्हतं.

आरूची वाढ थांबली होती. पुढे कधी सुरू होईल, होईल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. सुजय पुन्हा पातेलं खरवडू लागला होता.

मोठ्या माणसांची तपासणी नंतर झाली. हिराबाईंची पट्टी पांढरीच राहिली. हर्षदाची निळी झाली. मोठ्यांची हाडं वाढत नाहीत, डॉक्टरांनी समजावलं, पण भूक मरते, माणूस खात नाही आणि हळूहळू खंगत जातो. त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघून भुवया उंचावल्या आणि गोळी हातात दिली. "आजच घ्या."

तिने ती पदराच्या गाठीत बांधली. त्या दिवशी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नागली अजून शेतात हिरवी होती. पाकिटं फक्त लहानांना मिळायची. घरात दोन पोरं खा खा करत होती, आणि तिला काहीच लागत नव्हतं. तिचा वाटा ती दोघांत वाटून टाकायची. तिला त्रास काहीच होत नव्हता. हे तर बरंच आहे, असं तिला वाटायचं, आणि असं वाटलं की ती पदराची गाठ चाचपायची. विहिरीवरून हंडा आणताना तिला आताशा दोनदा टेकावं लागत होतं.

हिराबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. परातीतून वर न बघता त्यांनी विचारलं, "ती गोळी घेतलीस का?"

"घेईन की."

"कवा?"

"नागली निघाली की घेते. तवर पोरांना होतंय माझ्या वाट्याचं."

हिराबाईंचे हात थांबले. "मी बी जलमभर हेच बोलत आले. मला भूक न्हाय, तुमी खा. तुझ्या सासऱ्याला बोलले, संपतला बोलले. माझ्या पोटात कुठं व्हते जंतू?" त्यांनी पिठाचा हात तिच्यापुढे केला. "काढ ती गोळी. माझ्यासमोर घे."

"मग पोरांना?"

"पोरांना आई लागतीय. काढ."

हर्षदाने गाठ सोडली. गोळीला घामाचा ओलसरपणा लागला होता. तिने ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात शेण काढत असताना ते आलं. आधी नुसती पोकळी, मग बेंबीपासून वर चढणारी आग. घमेलं हातातून सुटलं. तिने खांब धरला. आपल्या आत हे एवढं होतं, महिनोन्‌महिने दाबलेलं, आणि आपल्याला पत्ता नव्हता! ती चुलीपाशी आली. हिराबाईंनी नुकतीच एक भाकरी तव्यावरून काढून टोपल्यात टाकली होती. सुजय आणि आरू समोर बसून टोपल्याकडे टक लावून होती.

हर्षदा खाली बसली. तिने भाकरी उचलली, वाफ निघत असतानाच तोडली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने दुसरा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, हात थांबत नव्हता. हिराबाईंनी परातीत आणखी पीठ घेतलं.